हव म्हणजे हो नव्हे

आमच्या गावाने स्वतःची शाळा बंद करायला एकमताने संमती दिली, तेव्हा मी त्याच शाळेच्या मागच्या बाजूला चहा उकळत होते. पुढे व्हरांड्यात सभा भरली होती. शिक्षणखात्याचे साहेब तालुक्याहून आले होते. त्यांचं एक वाक्य संपलं रे संपलं की सगळा गाव मिळून "हव" म्हणत होता. भरलेला, एकसाथ आवाज. मला इतकं बरं वाटलं की मी पातेल्यात आणखी दोन मुठी साखर टाकली. आपण आपल्याच शाळेच्या तेराव्याचा चहा गोड करतोय, हे पुष्कळ दिवसांनी कळलं.

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात, चिचगडहून आत, जंगलाला लागून. एका अंगाला आमच्यासारख्या धान पिकवणाऱ्यांची घरं, दुसऱ्या अंगाला गोंडांची वस्ती, म्हणजे टोला, आणि मध्ये शाळा. दोन खोल्या, चार वर्ग, एक गुरुजी. माझी मुलगी पहिलीत होती आणि पहिलीत ती एकटीच होती. हजेरीत पहिला नंबर तिचा, शेवटचाही तिचाच. गावात पोरं नव्हती असं नाही. पण बरीचशी सकाळी पिवळ्या गाडीत बसून कॉन्व्हेंटला जायची. इंग्रजी नावाची कुठलीही शाळा आमच्याकडे कॉन्व्हेंटच. शाळा बंद झाली तर माझ्या पोरीला नाल्यापलीकडच्या गावात जावं लागणार होतं. त्या नाल्यावर पूल नाही, नुसता पाण्यालगतचा सिमेंटचा रपटा आहे, आणि पावसाळ्यात रपट्यावरून पाणी वाहायला लागलं की ट्रॅक्टरवालेसुद्धा अलीकडे थांबून बिडी ओढत बसतात. मला ती पोरगी हाकेच्या अंतरावर हवी होती. तत्त्वबित्त्व नंतर आलं, आधी हा साधा स्वार्थ होता.

साहेब तरुण होते, पुण्याकडचे, फार सभ्य. त्यांची मराठी इतकी स्वच्छ की गावाला तिच्यावर पाय ठेवायचीच भीती वाटली. शाळा बंद करणार असं ते एकदाही म्हणाले नाहीत. ते म्हणाले "समायोजन". हा शब्द त्यांनी इतक्या वेळा वापरला की निम्म्या गावाने त्यातलं भोजन तेवढं ऐकलं. पोरांच्या खिचडीत काय घालायचं आणि काय नाही याचे नवेनवे आदेश येतच असतात, त्यातलाच हा एखादा असेल अशी सर्वांची समजूत झाली. "मुलांचं लवकरच समायोजन होईल," साहेब म्हणाले. "हव," गाव म्हणाला. "कुणाची काही हरकत नाही ना?" "हव." साहेबांनी हात जोडले, माझा गोड चहा दोनदा घेतला आणि गेले.

मग एके दिवशी कागद आला. गुरुजींनी तो झाडाखाली उभं राहून वाचून दाखवला. गावकऱ्यांच्या सर्वसंमतीने शाळा नाल्यापलीकडच्या शाळेत विलीन होत आहे, नवं सत्र तिकडेच सुरू होईल.  मी तिथून जी निघाले ती थेट घरी, नवऱ्यासमोर.

"तुम्ही त्या सभेत हव म्हटलं होतं?"

"म्हटलं."

"म्हणजे कबूल केलं."

"कबूल कायचं? तो बोलून राहिला होता, मी आयकून राहिलो होतो. मानूस बोलून राहिला अना आपन हव नाई म्हटलं तं त्याले बरं वाटन का?"

मी कपाळावर हात मारून घेतला. मी गोंदियाची. आमच्या घरी हिंदी. आमच्याकडे हाँ म्हणजे हाँ, ना म्हणजे ना, आणि "देखते हैं" म्हणजेसुद्धा ना. लग्न होऊन या गावात आले तेव्हा मला वाटलं, काय गुणी माणसं आहेत, प्रत्येक गोष्टीला हव म्हणतात. मी सासूबाईंना म्हटलं, मला संध्याकाळी बाजारात जायचंय, त्या म्हणाल्या हव. मी तयार होऊन दारात उभी, तर त्या म्हणाल्या, कुठं निघालीस? तिथपासून मी शिकले की हव म्हणजे तुझं बोलणं माझ्या कानात शिरलं, एवढंच. पुढचं पुढे. गोष्ट सांगणाऱ्याला जसा हुंकार मिळत राहावा लागतो, नाहीतर तो मध्येच थांबतो, तसा हा हव. टोल्यावरचे एक म्हातारे बाबा या कामात गावात पहिल्या नंबरचे. त्यांचा हव असा खोल आणि वेळेवर येतो की बोलणारा माणूस मूळ मुद्दा विसरून आणखी चार मुद्दे सांगतो. साहेबांच्या सभेत बाबा नेमके पुढच्या रांगेत बसले होते.

मी आणि माझी जाऊ, दोघी तालुक्याला, देवरीला साहेबांच्या कार्यालयात गेलो. माझी जाऊ, माझ्या पोरीची मोठी आई, म्हणजे उंच, हाडापेराची बाई. हसायला लागली की डोळे पुसत खाली बसते, आणि भांडायला लागली की समोरचा खाली बसतो. साहेबांनी आम्हाला खुर्च्या दिल्या.

"पण सगळे हो म्हणाले होते," साहेब म्हणाले. ते खरोखर गोंधळले होते.

"हो नव्हतं म्हटलं साहेब, हव म्हटलं होतं," मी म्हटलं.

"हव म्हणजे हो ना?"

"कवा कवा," जाऊ म्हणाली.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. माणूस वाईट नव्हता. ते म्हणाले, उन्हाळ्यात पुन्हा ग्रामसभा लावा, मी स्वतः येतो, माझ्यासमोर गाव जे बोलेल ते तसंच्या तसं वर पाठवतो. "पण पुन्हा हव म्हणालात, तर मग माझ्या हातात काही नाही." जाऊ म्हणाली, "हव." मी तिला चिमटा काढला.

त्यानंतर आंदोलनवाले भाऊ आले. हे आमच्याच भागातले, मोर्चे काढून केस पिकलेले. शाळा बंद होतेय हे कळताच त्यांनी मोटारसायकलला किक मारली होती. त्यांनी शाळेच्या व्हरांड्यात संध्याकाळी सभा घेतली आणि असं काही बोलले की माझ्या अंगावर शहारे आले. शेवटी हात वर करून विचारलं, "तहसीलवर मोर्चा न्यायचा! साऱ्याईनं यायचं! येनार ना?"

"हव!" व्हरांड्याचे पत्रे हलले.

भाऊंचा चेहरा उजळला. माझं मात्र डोकं सटकलं. मी मागून उठून पुढे गेले आणि म्हटलं, "भाऊ, या आवाजावर जाऊ नका. याच आवाजानं आमची शाळा बुडवली आहे." आणि एकदा तोंड उघडल्यावर मला थांबवेना. साहेबांच्या सभेत एक बोलला आणि बाकीच्यांनी हव म्हटलं, तुमच्या सभेत एक बोलला आणि बाकीच्यांनी हव म्हटलं. फरक एवढाच की तुमचा आवाज मोठा. मोर्चाच्या दिवशी ट्रॅक्टरवर कोण बसेल ते मी आत्ता सांगते. मी, माझी जाऊ आणि ज्याचा ट्रॅक्टर आहे तो.

भाऊ चिडले. "ताई, असं एकेकाले विचारत बसलो तं आंदोलन कवा होईन?"

उत्तर जाऊने दिलं. "ज्याईले घरी चुलीपाशी नाई म्हनता येत नाई, ते तहसीलात जाऊन काय म्हनतीन जी?"

बायकांमध्ये एकदम खसखस पिकली. आणि त्या खसखशीतून, कुणाच्याही भाषणातून नव्हे, आमचा नियम जन्माला आला. जाऊनेच तो मांडला. आजपासून सभेत कुणीही हव म्हणायचं नाही. आपल्याला काय हवंय ते आपल्या तोंडाने सांगायचं. नको असेल तर नाई म्हणायचं, पण कारणासकट. पाहिजे असेल तर आपण स्वतः काय करणार तेही सांगायचं. आणि ज्याच्या तोंडून हव निघेल, त्याने उठून सगळ्यांना पाणी पाजायचं.

"समजलं का?" तिने विचारलं.

"हव," बाबा म्हणाले.

बाबांनी उठून पाणी वाटलं. मग माझ्या भासऱ्यांनी, म्हणजे जाऊच्या नवऱ्याने, कुणाच्या तरी बोलण्यावर मान डोलावत हव म्हटलं, आणि बायको त्यांच्याकडे पाण्याचा गडवा घेऊन धावली. मग सरपंचांनी. मग खुद्द भाऊंनी. ते या भागातलेच, त्यांच्या तोंडात तरी दुसरं काय येणार? त्या संध्याकाळी गावाने इतकं पाणी प्यायलं की सभा मध्येच सोडून लोक एकेक करून अंधारात जाऊन येत होते. मोर्चाचं काहीच ठरलं नाही. घरी जाताना मात्र सगळे लग्नाच्या वरातीतून परतल्यासारखे मोठमोठ्याने बोलत होते, आणि मी तर उगाचच पळत घरी गेले.

मग आमचे नाई म्हणायचे दिवस सुरू झाले. ते दिवस आठवले की मला अजून गुदगुल्या होतात. पाहुण्याला नाही म्हणायचं नाही, मोठ्याला नाही म्हणायचं नाही, साहेबाला तर नाहीच नाही, अशा वळणाच्या गावाने एकदम सराव सुरू केला. नवरा म्हणाला, चहा ठेव. मी म्हटलं, नाई. तो म्हणाला, काऊन? मी म्हटलं, आत्ताच बसले आहे, पाच मिनिटं बसायचं आहे. त्याने विचार केला, कारण बरोबर आहे म्हणाला आणि स्वतः उठून चहा ठेवला. माझ्या लग्नाच्या आयुष्यातला तो पहिला आयता चहा. पत्ती जास्त झाली होती, पण मी मिटक्या मारत प्यायले.

एका घरी मुलगी बघायला पाहुणे आले. पोहे झाले, चहा झाला, मग मुलीच्या बापाने सवयीने तिला विचारलं, "पसंत हाये ना?" मुलगी म्हणाली, "नाई." बापाच्या घशात सुपारी अडकली. पण शेजारची म्हातारी खिडकीतून ओरडली, "कारन सांग वो पोरी, कारनाबिगर नाई चालत नाई!" मुलीने कारण सांगितलं. आल्यापासून मुलाने मोबाईलमधून मान वर केली नाही, त्याने मला पाहिलंच नाही, मग मी त्याला कशी पसंत करू? मुलाने तेव्हा दचकून मान वर केली. म्हणतात की त्यानंतर तो पुन्हा एकदा एकटाच आला, मोबाईल घरी ठेवून. पुढचं मला माहीत नाही.

जाऊ या खेळात सगळ्यांच्या पुढे. तिच्या नाईला धार होती. विहिरीवर ती बायकांचा सराव घ्यायची. एकीला साहेब करायची, बाकीच्यांना ओळीत उभं करायची. साहेब झालेली बाई नाकातून म्हणायची, "आपली काही हरकत नाही ना?" आणि ओळीतून एकेकीचं कारण यायचं. नाल्याला पूर येते. माझी पोरगी वाघाला नाही भीत, पण रपट्याला भीते. गुरुजी आमचे आहेत, रागावले तर आम्ही घरी जाऊन भांडू शकतो, तिकडच्या गुरुजींशी कोण भांडेल? मी ऐकत बसायचे आणि मला वाटायचं, ही कारणं आजवर कुठे होती? कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून ती कुणाला सुचलीही नव्हती. सांगितल्यावर माणसाला स्वतःलाच कळतं की आपलं असं मत आहे.

एकट्या बाबांना काही जमेना. ते नाई म्हणायला तोंड उघडायचे आणि आतून हव यायचा. खूप प्रयत्नांनी ते "हव, नाई" इथवर पोचले. पण आमची ही रीत पसरवायचं काम त्यांनीच केलं. कचारगडला गोंडांची मोठी यात्रा भरते, तिला ते दर वर्षी जातात. तिथे लांबलांबच्या गावांहून माणसं येतात. बाबांनी तिथे बसून प्रत्येकाला आमच्या सभेची गोष्ट सांगितली, आणि या वेळी हुंकार द्यायचं काम दुसऱ्यांनी केलं. यात्रेनंतर ट्रॉल्या भरभरून माणसं आमची सभा बघायला यायला लागली. ज्यांच्या शाळांना तसेच कागद आले होते अशी दोन-तीन गावं त्यांत होती.

भाऊ हरखले. त्यांना वाटलं, आता सगळ्या गावांचा मिळून एकच ठराव करावा. त्यांनी तो लिहूनही आणला. जाऊ म्हणाली, "नाई. ज्याचं त्यानं ठरवायचं, आमचं उचलायचं नाई. आमी तुमच्या गावी येऊन पानी पिऊ, पन बोलसान तुमीच." मग भाऊ गावोगाव गेले, पहिल्यांदाच भाषण न करता. कोपऱ्यात बसायचे आणि ऐकायचे. एका गावाने दिवसभर बसून ठरवलं की आपली शाळा विलीन व्हायला आपली हरकत नाही. रस्ता पक्का आहे, पलीकडची शाळा जवळ आहे, पोरांना खेळायला सोबत मिळेल. प्रत्येकाने कारण दिलं होतं. भाऊ आमच्या अंगणात येऊन बाजेवर आडवेच झाले. "एक गाव गळालं," म्हणाले.

"गळालं नाई जी," जाऊ म्हणाली. "बोललं."

भाऊंनी गमछा काढून घाम पुसला. मग म्हणाले की इतक्या वर्षांत मी हजारो माणसं रस्त्यावर आणली, पण तुला इथं का यावंसं वाटलं असं एकालाही विचारलं नाही. आणि मग ते उठून बसले आणि हसायला लागले. जाऊही खाली बसून डोळे पुसायला लागली. मी स्वयंपाकघरातून ओरडले की भात करपतोय, कुणीतरी बघा, आणि दोघंही एका आवाजात "नाई" म्हणाले.

साहेब आले ते भर उन्हाळ्यात, सुट्टीत. व्हरांडा भरला, अंगण भरलं, पोरं खिडक्यांवर चढली. शेजारच्या गावांची माणसं कुंपणापाशी उभी राहिली. साहेबांना सरपंचांनी नियम समजावून सांगितला. साहेब मन लावून ऐकत होते आणि प्रत्येक वाक्याला "हं... हं..." म्हणत होते. हं हा हव धरायचा की नाही यावर तिथल्या तिथे चर्चा झाली आणि धरायचा असं ठरलं. साहेबांनी बाह्या दुमडल्या आणि गडवा घेऊन सगळ्या सभेला पाणी पाजलं. टोल्यावरच्या बायांनी तोंडाला पदर लावला होता, पण त्यांचे खांदे हलत होते. साहेबही हसत होते. मला तर इतकं भरून आलं की आता शाळा वाचली, असंच मी धरून चालले.

मग एकेकाचं बोलणं सुरू झालं. साहेब प्रत्येकाचं लिहून घेत होते. कुणी पुराचं सांगितलं, कुणी लहान पायांचं. गुरुजींनी सांगितलं की मला इथं यायला उशीर झाला तर पोरं माझ्या घरी निरोप पाठवतात, अशी शाळा मला परत मिळायची नाही. मी माझं हाकेच्या अंतराचं कारण सांगितलं आणि माझा आवाज कापला, तो कापू दिला. बाबा उठले.  बाबांनी काठी टेकली, डोळे मिटले आणि म्हणाले, "नाई." नुसतं, स्वच्छ. मग टाळ्या, शिट्ट्या. कारण सांगायचं राहूनच गेलं आणि कुणी विचारलंही नाही.

त्यानंतर जाऊची पाळी आली. सगळ्यांनी सरसावून ऐकायची तयारी केली, कारण आता खरी धार दिसणार होती. जाऊ उभी राहिली. पदर नीट केला. 

"मले नाई म्हनता येत नाई," ती म्हणाली.

आधी लोकांना वाटलं, गंमत करते आहे. थोडे हसलेही.

"कारन सांगा लागते ना? मंग खरंच सांगा लागन. मायी दोन्ही लेकरं कॉन्व्हेंटच्या गाडीत जातेत. ही शाळा बंद झाली तं माया घरचं एक लेकरूही रपट्यावर जानार नाई. मी कोनत्या तोंडानं नाई म्हनू?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला तिला ओढून खाली बसवावंसं वाटलं. इतके दिवस विहिरीवर सराव घेणारी हीच, आणि साहेबांसमोर हिला आत्ता खरं आठवलं! साहेबांचं पेन थांबलं होतं. आता ते काय लिहिणार हे मला स्पष्ट दिसत होतं. गावातले लोकच मुलांना या शाळेत पाठवत नाहीत. झालं, संपलं. माझी पोरगी खिडकीत बसली होती, जाऊच्या मुलीशेजारी. दोघी एकाच अंगणात वाढल्या, एकाच वयाच्या, पण सकाळी एक गाडीत चढायची आणि दुसरी पायी निघायची. सभेत कुणी कुणाकडे बघेना. बघायचं तरी कुणी? निम्म्या घरांची पोरं त्याच गाडीत जात होती, सरपंचांच्या भावाची, पाण्याचा गडवा धरून उभा होता त्याचीही. जाऊ एकटी उभी होती. ती आता खाली बसणार, असं वाटलं.

तेवढ्यात बाबांचा खोल आवाज आला. "हव."

नियम मोडला होता. पण पाण्याचं कुणालाच सुचलं नाही. जाऊने बाबांकडे पाहिलं, आणि ती बोलायला लागली. भराभर, न थांबता. गुरुजी एकटे, चार वर्ग, त्यात कधी जनगणना, कधी निवडणूक, पोरं नुसती बसून राहतात. शेजारणीने घातलं म्हणून मीही घातलं. पोरगी इंग्रजी कविता म्हणते, मला काही कळत नाही, पण पाहुण्यांसमोर बरं दिसतं. गाडीत ती रोज ओकते, हे मी कुणाला सांगितलं नाही. आणि इथं माझ्या या धाकट्या जावेची पोरगी वर्गात एकटी बसते, तिला बघून माझ्या पोटात तुटतं, आणि तरी मी सकाळी आपल्या पोरीच्या पायांत बूट घालते. प्रत्येक वाक्याला बाबा हव म्हणत होते. मग हळूहळू दुसरे म्हणायला लागले. साहेबांनीही म्हटलं, मी ऐकलं. तो होकार नव्हता. तू बोल, आम्ही इथं आहोत, एवढाच तो होता. मला कळलं की आम्ही इतके महिने एका चांगल्या शब्दाला उगीच पाणी वाटायला लावत होतो.

जाऊ शेवटी म्हणाली, "लिवा साहेब. शाळा बंद करायले नाई. अना मायी दोन्ही लेकरं ह्या साली इथंच. पन गुरुजी दोन पायजेत."

मग सभा खरी पेटली. गाडीवाली घरं एकेक करून बोलू लागली आणि सगळ्यांनी जाऊसारखं म्हटलं असं मुळीच नाही. एकाने स्वच्छ सांगितलं, मी माझा मुलगा आणणार नाही, मला त्याचं इंग्रजी पाहिजे. त्याचंही लिहून घेतलं. एक-दोघांनी आधी पोरांना विचारू म्हटलं, ते सगळ्यांना पटलं, आणि खिडकीतल्या पोरांना आत बोलावून तिथेच विचारायला सुरुवात झाली. एकच कल्ला. माझा राग कुठल्या कुठे गेला. मी उठून जाऊला मिठी मारली, आणि ती म्हणाली, सोड वो, घाम आलाय. साहेब म्हणाले, दुसऱ्या गुरुजींचं माझ्या हातात नाही, पण आजचं सगळं मी जसंच्या तसं वर पाठवतो. पाठवलंही त्यांनी. वरून अजून काही आलेलं नाही, तोवर शाळा आहे तिथेच. गुरुजींनी विचारलं तर "विचाराधीन" असं उत्तर येतं, आणि या वेळी तो शब्द गावाने अर्थ विचारून घेतला.

आमच्याकडे शाळा जून संपता संपता उघडते. त्या सकाळी पिवळी गाडी चौकात आली, काही पोरं चढली, काही चढली नाहीत. मी दिवसभर कामात होते, पण माझा एक कान शाळेकडे होता. दुपारी माझी पोरगी दप्तर आपटत घरात शिरली. लालबुंद चेहरा, डोळ्यांत पाणी.

"आई, मी नाई जात उद्या शाळेत!"

मी हातातलं सूप खाली ठेवलं. "काऊन गं?"

"मोठ्या आईच्या पोरीनं मले बाकावरून ढकललं. म्हनते, सरक तिकडं, आमाले जागा नाई पुरत!"

मी तिला जवळ घेतलं, आणि मला इतकं हसू आलं, इतकं हसू आलं, की ती रडायची थांबून माझ्याकडे बघत राहिली.